कायदा रद्द करणारे निकालपत्र कसे वाचावे

न्यायालयाने एखादे कलम रद्द केल्याची बातमी दोन ओळींत संपते. मात्र ते का रद्द झाले आणि सरकारचा अधिकार नेमका कुठे अडवला गेला, हे निकालपत्र उघडल्याशिवाय कळत नाही. वाचनाचा सराव करायचा असेल, तर श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा २४ मार्च २०१५ चा निकाल घ्यावा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडणारी एक तरुणी आणि त्या मजकुराला लाइक करणारी तिची मैत्रीण यांना पालघरमध्ये अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल या तरुणीने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ विरुद्ध न्यायालयात धाव घेतली.

निकालपत्राआधी मूळ कलम वाचावे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ नुसार अत्यंत आक्षेपार्ह मजकूर पाठवणे, तसेच खोटी माहिती त्रास देण्यासाठी किंवा गैरसोय करण्यासाठी पाठवणे हा गुन्हा होता आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. यांतील एकाही शब्दाची व्याख्या कायद्यात नव्हती. आपण लिहिलेले वाक्य गुन्हा ठरेल की नाही, हे नागरिकाला आधी कळू शकते का, हा प्रश्न स्वतःला विचारून मगच न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी लिहिलेले विवेचन वाचावे.

दुसऱ्या हाताशी राज्यघटनेचा अनुच्छेद १९(२) असावा. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्यासाठी त्यात आठ कारणे दिली आहेत आणि त्यांच्याबाहेरचे कारण, मग ते कितीही लोकहिताचे असो, सरकारला चालत नाही. सार्वजनिक सुव्यवस्थेचा मुद्दा न्यायालयाने कसा तपासला, तो भाग सावकाश वाचण्यासारखा आहे: एकाच व्यक्तीला पाठवलेला संदेशही या कलमाखाली गुन्हा ठरत असेल, तर त्याचा समाजातील शांततेशी संबंध कसा जोडणार? चर्चा आणि एखाद्या मताचा पुरस्कार यांना घटनेचे संरक्षण आहे, निर्बंधाचा प्रश्न चिथावणीच्या टप्प्यावर येतो, ही रेषाही तिथेच आखलेली आहे.

सरकारचा युक्तिवाद मात्र कधीही गाळू नये. या कलमाचा गैरवापर होणार नाही, अशी हमी सरकारतर्फे देण्यात आली होती. सरकारे येतात आणि जातात, कलम मात्र कायम राहते, आणि आजच्या सरकारची हमी उद्याच्या सरकारला बांधून ठेवत नाही, असे न्यायालयाने त्यावर स्पष्ट केले. माझ्या मते संपूर्ण निकालपत्रातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, कारण कायद्याची परीक्षा तो राबवणाऱ्याच्या सद्‌हेतूवर नव्हे, तर त्याच्या शब्दांवर होते.

त्यानंतर शेवटचा आदेशात्मक भाग कलमवार वाचावा. कलम ६६अ संपूर्णपणे रद्द झाले. संकेतस्थळावरील मजकूर रोखण्याचा अधिकार देणारे कलम ६९अ टिकले, कारण तिथे कारणे लेखी नोंदवण्याचे आणि कार्यपद्धतीचे बंधन आहे. कलम ७९(३)(ब) न्यायालयाने रद्द केले नाही, पण त्याचा अर्थ मर्यादित केला: कुणीही तक्रार केली म्हणून संकेतस्थळाने मजकूर काढण्याची गरज नाही, त्यासाठी न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना हवी आणि तीही अनुच्छेद १९(२) च्या चौकटीतच.

निकालानंतर काय घडले, हेही शोधावे. अनुच्छेद १४१ नुसार हा निकाल देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असूनही पोलीस अनेक वर्षे याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले, ही गंभीर बाब आहे. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी कलम ६६अ खाली कुणावरही खटला चालवू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. एखाद्या फिर्यादीत हे कलम आढळल्यास वकिलाकरवी या आदेशाकडे लक्ष वेधावे. मात्र त्याच फिर्यादीत इतर कलमे असतील, तर त्यांना या आदेशाने संरक्षण मिळत नाही.