यात्रेकरू जहाजांच्या कंपन्यांनी घेतलेल्या हरकती कशा तपासाव्यात

मुंबईहून अरबस्तानातील जेद्दा बंदराला हजचे यात्रेकरू नेणाऱ्या जहाजांवर ब्रिटिश सरकारने घातलेल्या निर्बंधांना जहाज कंपन्यांनी केलेला विरोध अभ्यासायचा असेल, तर सुरुवात त्यांच्या अर्जांपासून न करता कायद्यापासून करावी. 1887 चा ‘नेटिव्ह पॅसेंजर शिप्स ॲक्ट’ आणि 1895 चा ‘पिलग्रिम शिप्स ॲक्ट’ समोर ठेवून जागा, पाणी, शिधा आणि डॉक्टर यांविषयीची कलमे आधी टिपून घ्यावीत, कारण हरकत नेमक्या कोणत्या कलमावर आहे हे कळल्याशिवाय तिचे वजन ठरवता येत नाही.

मूळ पत्रव्यवहारासाठी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील पुराभिलेखागारात जावे आणि तेथे मरीन व जनरल या दोन्ही खात्यांच्या सूची वर्षवार पाहाव्यात.

खरा कस लागतो तो भाड्याच्या युक्तिवादाशी. जागा वाढवली तर उतारू कमी बसतील, भाडे चढेल आणि गरीब माणसाची यात्रा हुकेल, असे म्हटले जाई. 1894 च्या पॅरिसमधील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत जागेचा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थान सरकारचा सूरही बराचसा असाच होता. हा मुद्दा निव्वळ बहाणा समजू नये, पण गणित मांडल्याशिवाय स्वीकारूही नये. समजा, डेकवर 7,200 चौरस फूट जागा आहे. माणशी 9 चौरस फूट धरले तर 800 उतारू बसतात आणि 16 धरले तर 450. हा फरक प्रत्यक्ष भाड्याने गुणला की कंपनीचे किती उत्पन्न पणाला लागले होते ते दिसते, आणि मग गरिबांविषयीच्या कळवळ्याची पारख करता येते.

जहाजावरील अधिकाऱ्यांची साक्ष एकटी कधीही ग्राह्य धरू नये. 1880 मध्ये सिंगापूरच्या एका व्यापाऱ्याच्या मालकीचे ‘जेद्दा’ जहाज नऊशेहून अधिक यात्रेकरूंसह सोडून कप्तान निघून गेला. एडनला पोहोचल्यावर जहाज बुडाल्याचे सांगण्यात आले, आणि लगेच दुसऱ्या जहाजाने ‘जेद्दा’ यात्रेकरूंसह ओढत तेथेच आणले.

यात्रेकरूंची बाजू या फायलींत क्वचितच सापडते. त्यासाठी देशी वृत्तपत्रांवरील सरकारी साप्ताहिक अहवाल चाळावेत, आणि उर्दू व गुजराती पत्रांतील तक्रारी त्याच वर्षाच्या कंपनीच्या अर्जाशेजारी ठेवून वाचाव्यात.