कारवानचे पिल्लू : नर घ्यावा की मादी?

शेताच्या राखणीसाठी कारवान या शिकारी कुत्र्याच्या जातीचे पिल्लू घेताना नर-मादीच्या प्रश्नावर बहुतेक जण अडतात आणि शेवटी ‘नर बरा’ म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी पुढील क्रमाने पाहावे.

१. घरी किंवा लगतच्या वस्तीवर मोठा नर असेल तर मादी घ्यावी, कारण दोन नरांची भांडणे मिटता मिटत नाहीत. घरातलाच नर असल्यास तो आणि ही मादी या दोघांपैकी एकाची नसबंदी आधीच ठरवावी.

२. मादी साधारण दर सहा महिन्यांनी माजावर येते आणि दोन-तीन आठवडे तिला बंदिस्त ठेवावे लागते. पक्के दार व उंच कुंपण नसेल तर नर घ्यावा, मात्र तोही माजावरच्या कुत्रीच्या वासाने रात्रभर गायब होऊ शकतो, हे धरून चालावे.

३. पिल्लाची आई पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अनोळखी माणूस दिसताच ती अंग चोरून मागे सरकते की जागेवर उभी राहून अंदाज घेते, यावरून पिल्लाविषयी नर-मादीच्या फरकापेक्षा, माझ्या मते, कितीतरी अधिक कळते. मग दोरीला चिंधी बांधून पिल्लांपुढून ओढावी. नजर न हटवता मागे धावेल ते निवडावे.

सावधगिरी : ही जात मुळात शिकारीची असली, तरी सशामागे कुत्रा सोडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.