‘ज्युलियस सीझर’ वाचायला घेण्याआधी टेबलावर काय काय हवं

आयसीएसईच्या नववी-दहावीला शेक्सपिअरचं ‘ज्युलियस सीझर’ असेल, तर सगळ्यात आधी ही परीक्षा घेणाऱ्या कौन्सिलच्या (सीआयएससीई) वेबसाइटवरून आपल्या परीक्षेच्या सालाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. नाटक काही वर्षांनी बदलतं, आणि वरच्या वर्गातून हातोहात आलेलं गाईड नेमकं जुन्या नाटकाचं निघतं. तिथेच नमुना प्रश्नपत्रिका आहेत, शिवाय आधीच्या परीक्षांत मुलांनी मार्क कुठे घालवले याचं प्रश्नवार विश्लेषणही. ते फारसं कुणी उघडत नाही. गाईड विकत घेण्याआधी तेवढं वाचाच.

पुस्तक शाळेने सांगितलेल्या आवृत्तीचंच घ्या आणि दुसरं जवळ ठेवू नका. सीझरच्या खुनात सामील झालेल्या ब्रूटसचं चौकातलं भाषण गद्यात आहे. गद्याच्या ओळी पानाच्या रुंदीप्रमाणे तुटतात, त्यामुळे प्रत्येक आवृत्तीत पुढचे ओळ-क्रमांक सरकतात. वहीत संदर्भ लिहिताना अंक आणि प्रवेश आधी लिहा, ओळ नंतर. घरी संगणकावर शोधाशोध करायला फोल्जर शेक्सपिअर लायब्ररीची फुकट संहिता उत्तम. ‘ऑनरेबल’ (सन्माननीय) हा शब्द सीझरचा मित्र अँटनी याच्या तोंडी ब्रूटस आणि इतर मारेकऱ्यांसाठी कुठे कुठे येतो, ते शोधून पुस्तकात खुणा करा. टोमणा हळूहळू कसा धार धरतो ते तिथेच दिसतं.

सोप्या इंग्रजीतलं रूपांतर चालेल, पण मूळ प्रवेश एकदा वाचून झाल्यावर. पहिल्याच प्रवेशातल्या चांभाराचे विनोद दुहेरी अर्थावर उभे आहेत, रूपांतरात ते मरतात. आणि उताऱ्यावरचे प्रश्न विचारले जातात ते मूळ शब्दांवर.

शंभर पानी वही पुरे. नाटकात पाच अंक, अठरा प्रवेश. प्रत्येक प्रवेशाला एक पान द्या: जागा कुठली, कोण आलं-गेलं, प्रवेश संपताना काय बदललं, आणि दोन छोटी अवतरणं. तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशाला मात्र चार पानं सोडा, कारण सगळी मेख तिथे आहे. ब्रूटस आधी बोलून निघून जातो आणि व्यासपीठ अँटनीला मोकळं मिळतं. अँटनी सीझरचं मृत्युपत्र दाखवतो पण वाचत नाही, खाली उतरतो, सीझरच्या झग्यावरची भोकं दाखवतो, मग प्रेत उघडं करतो. गर्दी पेटून निघायला लागते तेव्हा तोच आठवण करून देतो की मृत्युपत्र राहिलंच! सीझरने प्रत्येक रोमन नागरिकाला ठेवलेली माणशी पंचाहत्तर द्राख्मा (नाणी) ही रक्कम तेव्हा कळते. हा क्रम उत्तरात आला नाही, तर नुसतं ‘अँटनी उत्तम वक्ता होता’ लिहून हाती फार काही लागत नाही.

एका कार्डावर इतिहास आणि नाटक शेजारी-शेजारी मांडा. सीझरची विजययात्रा इ.स.पू. ४५च्या ऑक्टोबरातली आणि लुपरकॅलचा सण पुढच्या फेब्रुवारीतला. नाटकात दोन्ही एकाच दिवशी. नाटकाचा शेवट होतो त्या फिलिपायला इ.स.पू. ४२ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोन लढाया झाल्या, नाटकात एकाच दिवसात उरकतात. उत्तर नेहमी नाटकातलं लिहायचं. विश्वकोशातली माहिती घुसडली की गोंधळ झालाच. चौथ्या अंकात ब्रूटसची बायको पोर्शिया हिच्या मृत्यूची बातमी दोनदा येते, तेव्हा आपलंच वाचताना चुकलं असं समजू नका. संहितेतच ती तशी आहे, आणि का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

१९५३चा मार्लन ब्रँडोचा सिनेमा बघायला हरकत नाही, पण तिसरा अंक वाचून झाल्यावर आणि पुस्तक हातात धरून. सिनेमात संवाद कापलेले असतात. पडद्यावर गाळलेल्या ओळींपुढे पेन्सिलीने रेघ मारा, नाहीतर परीक्षेत तेच भाग अनोळखी वाटतात.

पाठांतराला वीस-पंचवीस अवतरणं पुरतात, प्रत्येकी सहा-आठ शब्दांची. लांब ओळी पाठ केल्या की मधला एखादा शब्द हमखास निसटतो. प्रत्येकासमोर कोण, कुणाला, केव्हा म्हणतं ते लिहा. उताऱ्याच्या पहिल्या प्रश्नात बहुधा तेच विचारलेलं असतं.