सातबाऱ्यावरून जमिनीची मालकी कशी तपासावी

खरेदीखतात ‘मालकी हक्काची व कब्जे-वहिवाटीची मिळकत’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. वाचताना हे सगळे शब्द एकाच अर्थाचे वाटतात, पण तपासताना ते वेगळे काढावे लागतात. जमीन कोणाची आहे, ती प्रत्यक्षात कोणाच्या ताब्यात आहे आणि ती विकण्याची सत्ता कोणाकडे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे नेहमी एकाच माणसापाशी सापडतील असे नाही.

प्रथम महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा ताजा उतारा काढावा. विक्रेत्याने दिलेल्या जुन्या झेरॉक्सवर विसंबू नये. उताऱ्याचा वरचा भाग गाव नमुना सात, म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक, आणि खालचा भाग गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही. नमुना सातमध्ये नावांच्या रकान्यावर ‘मालक’ असे नसून ‘भोगवटादार’ असे लिहिलेले असते. रयतवारी पद्धतीत रयत सरकारला सारा भरून जमीन धारण करत असे, आणि तीच परिभाषा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये पुढे चालत आली.

नावे वाचण्याआधी ‘भूधारणा पद्धती’ पाहावी. ‘भोगवटादार वर्ग 1’ असल्यास हस्तांतरणावर शासनाचे सर्वसाधारण बंधन नसते. ‘भोगवटादार वर्ग 2’ असल्यास जमीन वंशपरंपरेने कसता येते, पण ती विकण्याच्या अधिकारावर बंधने असतात. शासनाने भूमिहीनांना किंवा माजी सैनिकांना दिलेल्या जमिनी, नवीन शर्तीने परत दिलेल्या वतनी जमिनी, भूदानातल्या जमिनी अशा अनेक जमिनी या वर्गात येतात. अशा जमिनीवर पूर्वपरवानगी नसताना आणि नजराणा, म्हणजे शासनाला द्यायची रक्कम, भरलेला नसताना व्यवहार झाला, तर शर्तभंग होऊन जमीन शासनजमा होऊ शकते. ‘परवानगी नंतर काढून देतो’ या आश्वासनावर विसार देणे मला धोक्याचे वाटते. वर्ग 1 म्हणजे पूर्ण मोकळीक, असेही समजू नये. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला देण्यावर संहितेच्या कलम 36अ चे बंधन आहे, आणि शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन विकण्यास कुळकायद्याचे, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्या कुळांविषयीच्या कायद्याचे, कलम 63 आड येते.

त्यानंतर नावांकडे वळावे. हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर कमी केलेल्या नावाला कंस केलेला असतो, तर संगणकीकृत उताऱ्यावर त्यावर आडवी रेघ असते. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असल्यास ती व्यक्ती एकत्र कुटुंबाची मॅनेजर म्हणून लागलेली आहे. थोरल्या भावाचे एकट्याचेच नाव दिसले, तरी त्यामागे धाकटे भाऊ, बहिणी आणि त्यांचे वारस यांचे हिस्से असू शकतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात वयाने सज्ञान नसलेल्या खातेदाराचा पालक. अज्ञानाच्या स्वतःच्या हिश्श्याची विक्री न्यायालयाच्या परवानगीवाचून झाली असेल, तर सज्ञान झाल्यावर तो ती रद्द करून मागू शकतो. ही दोन संक्षिप्त रूपे डोळ्यांआड झाल्यामुळे उभे राहिलेले दावे गावोगाव आढळतात.

उजवीकडचा ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ हा रकाना घाईत वगळला जातो, आणि नेमकी अडचण तिथेच दडलेली असते. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतील हिस्सा, जाण्यायेण्याचा हक्क, ‘तुकडा’ (ठरलेल्या किमान क्षेत्राहून लहान जमीन) असा शेरा, न्यायालयाचा मनाई हुकूम यांच्या नोंदी इथे असतात. ‘कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र’ असा शेरा असल्यास ती जमीन कुळाने कायद्यानुसार विकत घेतलेली आहे. 2014 च्या दुरुस्तीनंतर अशा खरेदीला 10 वर्षे उलटली असतील, तर शेतसाऱ्याच्या 40 पट नजराणा भरून आणि इतर अटी पाळून पूर्वपरवानगीशिवाय विक्री करता येते.

प्रत्येक नोंदीशेजारी फेरफाराचा, म्हणजे हक्कातील बदलाच्या नोंदीचा, क्रमांक असतो. तो घेऊन गाव नमुना 6 मधला मूळ फेरफार वाचावा. नाव खरेदीने लागले, वारसाने, वाटपाने की हक्कसोडपत्राने, हे तिथेच कळते. वारसनोंदीत सर्व मुली आल्या आहेत का, हे मुद्दाम पाहावे. ‘प्रलंबित फेरफार’ असा उल्लेख असल्यास मंडळ अधिकाऱ्यांकडून तो प्रमाणित होईपर्यंत थांबावे.

एवढे करूनही उताऱ्यावरून मालकी सिद्ध होत नाही. कलम 157 नुसार नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, इतकेच. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, तो महसुली कामापुरता असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार स्पष्ट केले आहे. मालकीचा शोध नोंदणीकृत दस्तांतून घ्यावा लागतो. त्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची मिळकतवार सूची, पाहावी आणि वकिलाकडून साधारण 30 वर्षांचा शोध अहवाल घ्यावा.

कब्जा मात्र शिवारात जाऊनच पाहावा. नमुना बारामधील पीक पाहणी आणि बांधावरचे वास्तव जुळते का, हे शेजारच्या खातेदारांना विचारावे. दुसराच कोणी 12 वर्षांहून अधिक काळ उघडपणे, मालकाच्या हक्काविरुद्ध जमीन कसत असेल, तर तो प्रतिकूल कब्जाचा दावा सांगू शकतो. अशा वेळी विसार देण्याआधी मोजणी करून घ्यावी आणि वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्यात.