बूम लिफ्ट कामावर लावण्यापूर्वी : होज आणि केबल जपण्याची तयारी

सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांचा गाळप हंगाम संपला की दुरुस्तीची कामे निघतात आणि बॉयलर हाउसचे पत्रे, कन्व्हेयरच्या गॅलऱ्या, उंचावरच्या पाइपलाइनी यांसाठी टेलिस्कोपिक बूम लिफ्ट, म्हणजे लांबणाऱ्या हाताच्या (बूमच्या) टोकावरील बास्केटमधून माणसाला उंचावर नेणारे मशीन, भाड्याने आणली जाते. चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतील शेडच्या कामांना ती एरवीही लागते. हे मशीन कामाच्या मधोमध अडते तेव्हा दोष इंजिनाचा असेल असे सगळे गृहीत धरतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा एखादा होज (दाबाचे तेल नेणारी लवचिक नळी) घासून फुटलेला असतो किंवा बास्केटच्या कंट्रोल बॉक्सकडे जाणारी केबल आत कुठेतरी तुटलेली असते. हायड्रॉलिक होजचा फुटण्याचा दाब त्याच्या नेमून दिलेल्या कामाच्या दाबाच्या चौपट ठेवलेला असतो, त्यामुळे चांगला होज नुसत्या दाबाने सहसा जात नाही. तो जातो घासण्याने, पिळाने, आखूड वळणाने आणि उष्णतेने. म्हणून पुढील सगळी तयारी होज आणि केबल कोणत्या वाटेने जातात, कशाला टेकतात आणि बूम लांबताना कुठे ओढल्या जातात, यावर लक्ष ठेवून करावी.

मशीन येण्यापूर्वीच त्याच्या नेमक्या मॉडेलची पुस्तिका मागवून घ्यावी आणि तीत होज-केबलची मांडणी दाखवणारे पान शोधून ठेवावे, कारण सारख्या दिसणाऱ्या दोन मशीनमध्येही एकाचे होज बूमच्या आतून तर दुसऱ्याचे बाहेरच्या ड्रॅग चेनमधून (होज-केबल सांभाळून नेणाऱ्या, वळणाऱ्या कड्यांच्या पट्ट्यातून) गेलेले असू शकतात. हाताशी चांगली बॅटरी (टॉर्च), लांब दांड्याचा लहान आरसा, जाड पुठ्ठ्याचे तुकडे, सुती कापड, चामडी हातमोजे, गॉगल, होजची तोंडे बंद करण्याची टोपणे, रबर बसवलेले क्लॅम्प, होजवर चढवायची नायलॉनची स्लीव्ह आणि वेल्डिंगचे काम असल्यास आगरोधक स्लीव्ह व ब्लँकेट असावे. प्लास्टिकच्या टाय घ्यायच्याच असतील तर ऊन सोसणाऱ्या काळ्या घ्याव्यात. साध्या पांढऱ्या टाय आपल्याकडच्या उन्हात लवकर ठिसूळ होतात. होज क्रिंप करून (टोकाला जोडणी दाबून बसवून) देणारी दुकाने शहरात मिळतात, परंतु काम तालुक्याच्या आडबाजूच्या कारखान्यावर असेल तर बास्केट फिरवणाऱ्या होजची एक तयार जोडी सोबत असणे सोयीचे, कारण एवढ्या एका होजसाठी जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो.

मशीन ट्रेलरवरून येते, तेव्हाच पहिली तपासणी उरकावी. वाहतुकीत जिब (बूमच्या टोकाचा, बास्केट धरणारा छोटा हात) दुमडलेली आणि बास्केट खाली टेकवलेली असते. बास्केटखालून जाणारे होज ट्रेलरच्या फळीवर दबलेले नाहीत ना, बांधण्याची साखळी किंवा पट्टा होजवरून ओढलेला नाही ना, हे साखळी सोडण्याआधी पाहावे आणि त्याच स्थितीत फोटो काढून ठेवावेत. साखळी फक्त मशीनवर खुणा केलेल्या जागीच अडकवायची असते. हा नियम चालकाला ठाऊक असतो, पण वाटेत साखळी सैल झाली की रस्त्याच्या कडेला जिथे हात पोहोचेल तिथे ती आवळली जाते, आणि इतके अंतर कापून आलेल्या होजवर तिचा वळ स्पष्ट दिसतो. दबून चपटा झालेला होज पुन्हा गोल दिसू लागला तरी तो चांगला मानू नये, कारण आतल्या तारांची जाळी एकदा मोडली की ती पूर्ववत होत नाही.

यानंतर बूम पूर्ण आत असताना, इंजिन बंद ठेवून, किल्ली स्वतःच्या खिशात घेऊन मशीनभोवती फिरावे. आधी मळ पुसून घ्यावा. धुळीखाली तेलाचा ओलावा दिसत नाही आणि ओलाव्यावर बसलेली धूळ म्हणजे घासण्यासाठी तयार झालेला लेपच असतो. धुवायचे असेल तर कमी दाबाच्या पाण्याने धुवावे. जेट वॉशरचा झोत कनेक्टर, लिमिट स्विच (हालचाल मर्यादेवर थांबवणारा स्विच) आणि कंट्रोल बॉक्सवर मारू नये, आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धुतल्यावर कनेक्टर कोरडे केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो बास्केट आणि जिब यांच्या सांध्यापाशी. तिथे होजचे वळण बास्केट वळेल तसे उघडते आणि मिटते, आणि शेजारच्या लोखंडाला नेमक्या एकाच ठिकाणी टेकते. बॅटरीचा प्रकाश तिरपा टाकला की त्या जागी आवरणाचा काळा रंग आधी गुळगुळीत होऊन चमकू लागलेला दिसतो, मग तिथे रबराची भुकटी जमते, आणि शेवटी तारेची जाळी बारीक चकाकते. चमक दिसली तर स्लीव्ह घालून क्लॅम्पची जागा सुधारावी. तार दिसली तर मात्र होज बदलावाच, कारण उघड्या तारेला गंज लागला की तिची ताकद किती उरली हे बाहेरून ओळखता येत नाही. होजवर लांबीभर छापलेली ओळ इथे उपयोगी पडते : ती सरळ गेलेली असेल तर होज पिळलेला नाही, आणि नागमोडी गुंडाळत गेलेली असेल तर बसवणाऱ्याने निपल (होजच्या टोकाची धातूची जोडणी) आवळताना दुसरा पाना धरलेला नव्हता. याच ओळीत होज बनल्याची तिमाही आणि वर्षही असते. ते वहीत उतरवून घ्यावे. जुना होज बाहेरून ठीक दिसला तरी बोटाने किंचित वाकवून पाहावा. आवरणावर बारीक भेगा उघडल्या तर उन्हाने त्याचे रबर संपलेले आहे.

वळणांचाही हिशोब असतो. दोन तारजाळ्यांच्या अर्ध्या इंची होजला किमान १८० मिलिमीटर त्रिज्येचे वळण लागते, पाव इंचीला १०० मिलिमीटर, आणि हे वळण निपलच्या तोंडापासूनच सुरू होता कामा नये. तिथून थोडे अंतर होज सरळ जायला हवा. शिवाय दाब आला की होजची लांबी बदलते, ती दोन टक्क्यांपर्यंत वाढू शकते किंवा चार टक्क्यांपर्यंत आखडू शकते. म्हणजे एक मीटर होज चार सेंटिमीटरने ओढला जाऊ शकतो, आणि जो होज बंद मशीनवर ताणलेला दिसतो तो चालू मशीनवर निपलमधून सुटायच्या मार्गावर असतो.

आता ड्रॅग चेन. बूमचे सेक्शन (एकात एक सरकणारे भाग) बाहेर जातात तेव्हा बास्केटकडचे सगळे होज आणि केबल या चेनमधून उलगडत जातात, म्हणून बूम आत असताना चेन कितीही नीट दिसली तरी तिची परीक्षा झालेली नसते. मशीन सपाट, घट्ट जमिनीवर घ्यावे. काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर हे काम काढूच नये. ऑपरेटरने खालच्या कंट्रोलवरून बूम आडवा ठेवून, पुस्तिकेत परवानगी असेल तेवढाच, टप्प्याटप्प्याने बाहेर काढावा. दुसऱ्याने बाजूला, बूमच्या खाली न जाता, चेनच्या समांतर चालत पाहावे. चेनचे वळण पुढे सरकताना ती एका गतीने उलटली पाहिजे. मध्येच कुबड आले, कडी तिरकी झाली, चेन रुळावरून उतरू पाहत असेल किंवा टिक-टिक असा आवाज येत असेल तर बूम तिथेच थांबवावा. तुटलेली कडी, निसटलेली पिन आणि टोकाच्या ब्रॅकेटचा सैल बोल्ट ही तीन कारणे आधी तपासावीत. चौथे कारण चेनबाहेरचे असते : बूम लांबवणारी वायर रोप सैल पडली असेल तर सेक्शन एकमेकांच्या मागे-पुढे होतात आणि चेनला झटका बसतो. वायर रोपचे ताण जुळवणे हे मालकाच्या सर्व्हिस इंजिनिअरचे काम आहे, आणि तो येईपर्यंत मशीनवर माणूस चढवू नये.

चेनच्या आत जागा मोकळी हवी. चेन बनवणाऱ्यांचा ढोबळ नियम असा की केबलभोवती तिच्या जाडीच्या सुमारे दहा टक्के आणि होजभोवती वीस टक्के मोकळीक ठेवावी, जड होज दोन्ही कडांना समतोल राहतील असे मांडावेत, आणि एक दुसऱ्यावर चढू नये. नंतर कोणीतरी घुसवलेली जादा हवेची नळी किंवा दिव्याची वायर हा नियम मोडते. ती काढायला सांगताना संकोच करू नये. चेनमधले होज-केबल एकमेकांना टायने बांधून जुडी करणे हा तर नीटनेटकेपणाच्या नावाखाली केलेला अत्याचार आहे. वळणात बाहेरची केबल जास्त आणि आतली कमी प्रवास करते. बांधून टाकले की दोघींपैकी एक तुटते.

बूम बाहेर असतानाच गळती पाहावी, आणि ती हाताने कधीही चाचपू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून शेकडो बारच्या दाबाने निघणारे तेल दिसत नाही, परंतु कातडीखाली शिरते. संशयाच्या जागी लांबून पुठ्ठा फिरवावा. त्यावर ओली रेघ उमटली की जागा सापडली. तेल टोचले गेले असेल तर जखम किरकोळ दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही, म्हणून माणूस धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन कामावर परततो. त्याला त्याच तासात, तेलाचे नाव सांगून, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या सोलापुरातील रुग्णालयात न्यावे. उशीर झाला तर बोट, प्रसंगी हात, गमवावा लागतो.

विजेच्या केबलकडे होजच्या मानाने दुर्लक्ष होते, आणि तिचा दोष शोधायला वेळही जास्त लागतो. बूमच्या ठरावीक लांबीवरच बास्केटचे एखादे फंक्शन बंद पडत असेल तर केबलच्या आतली तार त्या वळणापाशी तुटलेली असण्याची शक्यता मोठी. अशा केबलला मध्ये जोड देऊन, टेप गुंडाळून चेनमध्ये सोडू नये. जोडाची जागा ताठ होते आणि तिच्या शेजारी नवी तूट तयार होते. पूर्ण लांबीची नवी केबल ओढावी आणि दोन्ही टोकांना ताण कनेक्टरवर न येता क्लॅम्पवर येईल असे पाहावे.

ठेकेदाराच्या माणसांशी काम सुरू होण्यापूर्वी बोलून घ्यावे, आणि या बाबतीत कठोर राहावे : वेल्डिंगची केबल, ग्राइंडरची वायर, कॉम्प्रेसरची नळी, रंगाची नळी यांपैकी काहीही बूमला बाहेरून बांधायचे नाही. बूम आत असताना दोरीने बांधलेली वायर बूम लांबला की तणावते, क्लॅम्प उखडते आणि जाताना चेनची कडीही घेऊन जाते. बास्केटला वीज किंवा हवा लागणार असेल तर ती सोय मशीनमध्येच असलेली लिफ्ट मागवावी. वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प नेहमी ज्या तुकड्याला जोड द्यायचा त्यालाच, जोडाच्या जवळ लावावा. तो बास्केटला किंवा बूमला लावला तर वेल्डिंगचा प्रवाह वायर रोप, बेअरिंग आणि कंट्रोलच्या वायरींतून परतीची वाट शोधतो. ठिणग्यांपासून जिबचे होज झाकावेत, पण ब्लँकेट सैल असावे आणि मशीन हलवण्यापूर्वी काढून घ्यावे. रंगकाम असेल तर चेन प्लास्टिकने झाकावी. रंग बसलेल्या कड्या अडकतात आणि होजवरच्या भेगाही त्याखाली लपतात. थिनरने होज पुसू नये.

जागेप्रमाणे थोडा फरक करावा. साखर कारखान्यात बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) भुसा आणि चादरी-टॉवेलच्या कारखान्यांत कापसाचे तंतू तेलाच्या ओलाव्यावर चिकटून आगीला खाद्य देतात, म्हणून तिथे चेन रोज ब्रशने झाडावी. होटगी परिसरातील सिमेंटच्या धुळीला ग्रीसची जोड मिळाली की ती कानशीसारखी चालते. बॉयलरजवळ चालू स्टीम लाइनच्या शेजारी बास्केट उभी करू नये. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो आणि काळा होज त्याहूनही तापतो. नेहमीच्या होजची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असली तरी आतले तेल आधीच गरम असते, म्हणून दुपारच्या सुट्टीत मशीन सावलीत घ्यावे.

होज बदलायचा झाल्यास बूम खाली आणून, इंजिन बंद करून, लाइनमधला दाब उतरवून मगच पाना लावावा. सिलिंडरवर तेल धरून ठेवणारे व्हॉल्व्ह असतात, त्यामुळे इंजिन बंद असूनही तिथे दाब कोंडलेला राहू शकतो. तेवढा भाग सर्व्हिस इंजिनिअरसाठी सोडावा. नवा होज लांबी, आतला व्यास, दाबाचा दर्जा आणि निपलचा कोन या चारही बाबतींत जुन्यासारखाच हवा. बसेपर्यंत त्याची तोंडे टोपणाने बंद ठेवावीत, कारण क्रिंपिंगच्या दुकानातली लोखंडी कीस व्हॉल्व्हमध्ये गेली तर होजपेक्षा मोठा खर्च निघतो.

मशीन हंगामाच्या मध्यंतरी गोदामात राहणार असेल तर बूम पूर्ण आत घ्यावा, कंट्रोल बॉक्सचे झाकण लावावे, बॅटरीचा स्विच बंद करावा आणि बूमच्या मागच्या उघड्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी लावावी. धान्य आणि गूळ-साखरेच्या आसपास उंदीर असतातच आणि ते केबलचे आवरण कुरतडतात. जाळी लावल्याची चिठ्ठी खालच्या कंट्रोलवर चिकटवावी, नाहीतर पहिल्याच दिवशी कोणीतरी ती न काढता बूम हलवेल. भाड्याचे मशीन परत पाठवताना मालकाच्या माणसासमोर बूम पुन्हा बाहेर काढून चेन दाखवावी, आल्या दिवशीच्या फोटोंशी ताडून पाहावे आणि वहीतल्या नोंदीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात.