पन्नाशी ओलांडलेल्या कारागिरासाठी कारखान्यात करावयाचे बदल

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे किंवा होनगा या औद्योगिक भागांत लहान कारखाना चालवणाऱ्या मालकाने वयस्क कारागिरांची यादी करण्याआधी एक पूर्ण पाळी मशीनजवळ उभे राहून काढावी आणि कोण कोठे वाकतो, काय उचलतो, कोठे अडतो हे स्वतः पाहावे.

लेथवर काम करणारा टर्नर व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) खिडकीकडे धरून, हात लांब करून माप वाचू लागला की सुपरवायझरला त्याच्या हाताचीच शंका येऊ लागते. चाळिशीनंतर जवळचे कमी दिसणे कोणालाच चुकलेले नाही. लेथच्या चकवर (काम पकडून फिरवणाऱ्या भागावर) थेट पडणारा दिवा, मोठ्या आकड्यांचे डिजिटल व्हर्नियर आणि त्याच्या नंबरचा सुरक्षा चष्मा एवढ्यावर बहुधा काम भागते. मात्र घरचा वाचायचा चष्मा लावून ग्राइंडिंग करू देऊ नये. उडालेला कण अडवण्यासाठी त्या काचा केलेल्या नसतात.

फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामात, उष्णतेचा विचार आधी करावा लागतो. वाढत्या वयात तहान उशिरा जाणवते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे शरीरातील पाणीही कमी होते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत वितळलेल्या धातूचा रस ओतण्याचे काम शक्य तितक्या सकाळी घ्यावे, लॅडलवरची (रस वाहून नेणाऱ्या भांड्यावरची) माणसे ठरावीक वेळाने बदलावीत आणि पिण्याचे पाणी भट्टीपासून चार पावलांवर ठेवावे. साच्याच्या पेट्या उचलण्यास चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) बसवावा. त्याचा फायदा तरुणांच्या पाठीलाही होतो.

खरी अडचण शिकवण्याची आहे. वाळूचे साचे बनवणारा जुना मोल्डर मुठीत वाळू दाबतो, ढेकूळ मोडून पाहतो आणि ओलावा किती आहे ते सांगतो. ही पारख त्याच्या निवृत्तीच्या आधल्या महिन्यात कोणी शिकू शकत नाही. निदान दोन वर्षे आधी त्याच्यासोबत एक तरुण जोडून द्यावा. नवा मुलगा बहुधा हिंदी बोलणारा आणि मिस्त्री मराठी किंवा कन्नड बोलणारा असतो, त्यामुळे तोंडी सूचनांवर न विसंबता हाताच्या कृतीचे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. मजुरी नगावर असेल, तर शिकवण्यात गेलेल्या तासांचे पैसे वेगळे द्यावेत. स्वतःची मजुरी बुडवून कोणी शिकवत नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्ये चाळिशीपुढील कामगारांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आहे. तिचा अहवाल काम बदलून देण्यासाठी वापरावा. तो कामावरून कमी करण्यासाठी वापरला जातो अशी कुजबुज एकदा सुरू झाली, की पुढच्या वर्षी सगळे जण आपली दुखणी लपवतील.

वयाला ५८ वर्षे पूर्ण झाल्यावर कर्मचारी पेन्शन योजनेतील वर्गणी सर्वसाधारणपणे थांबते. ती थांबल्यावर कामगार पुढे कामावर राहिला, तर मालकाचा संपूर्ण हिस्सा त्याच्या भविष्यनिर्वाह निधीत जमा व्हावा लागतो; हिशेबनिसाकडून हा बदल वेळेवर करून घ्यावा. पेन्शन लगेच न घेता ६० व्या वर्षापर्यंत थांबल्यास ती दर वर्षामागे ४ टक्क्यांनी वाढते, हेही कामगाराला त्याच्या भाषेत समजावून सांगावे.

खानापूरकडच्या खेड्यांतून दुचाकीने येणाऱ्या साठीजवळच्या माणसाला पावसाळ्यात रात्रपाळी देऊ नये, आणि रोपलावणीची रजा त्याच्याशी बोलून आधीच ठरवून घ्यावी.