फुटपाथला आपटलेली गाडी: पाना नंतर, आकडे आधी

फुटपाथच्या कडेला चाक आपटलं की तक्रार ठरलेली: गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंग तिरकं. नवीन माणूस इथेच फसतो. गाडी अलाइनमेंटला (चाकांचे कोन मोजून जुळवणाऱ्या मशीनवर) चढवली, टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) फिरवून टो (वरून बघता चाकं पुढे आत की बाहेर वळलीत तो कोन) मापात आणला, स्क्रीन हिरवी, गिऱ्हाईक खूश. वाकलेला भाग मात्र तसाच आत. शिवाय दोन बाजूंच्या टाय रॉडच्या आट्यांमधला फरक, जो नेमकं ठिकाण सांगणार होता, तो आपणच पुसला. त्यामुळे काही सैल करण्याआधी सगळे आकडे छापून घ्या.

वाचताना टो सोडा, कॅम्बर (समोरून बघता चाक उभ्या रेषेपासून किती कललंय) आणि एसएआय (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा समोरून दिसणारा कल) बघा. एसएआयसाठी चाकं डावी-उजवी फिरवावी लागतात. कंटाळा करू नका. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात) बहुतेक गाड्यांत कॅम्बर फिरवायची सोयच नसते, म्हणून दोन बाजूंत एक अंशाचा फरक म्हणजे 'सेटिंग हललं' नव्हे, काहीतरी वाकलं किंवा सरकलं. आता प्रत्येक बाजूची कॅम्बर अधिक एसएआय बेरीज करा (वजा कॅम्बर वजाच धरा). बेरीज सारखी पण आकडे वेगळे असतील तर लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात), सबफ्रेम (तो हात जिला जोडतात ती चौकट) किंवा स्ट्रट टॉवर (बॉडीत स्ट्रटचं वरचं टोक बसतं ती जागा). बेरीजच जुळत नसेल तर नकल (हब ज्यात बसतो तो वळणारा भाग) किंवा स्ट्रट. सुरुवातीला गोंधळ होतो, होऊ द्या.

जॅकवर चाक लटकवून घड्याळातल्या 9 आणि 3 च्या जागी धरून हलवा: प्ले (ढिलाई) असेल तर टाय रॉड. 12 आणि 6 वर असेल तर बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि नकल जोडणारा गोल सांधा). 9-3 आणि 12-6 दोन्हींवर असेल तर हब बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं ते). पण वाकलेल्या आर्मला प्ले नसतो, तेव्हा 'हलत नाही' म्हणून गाडी सोडू नका. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्येच एका जागी जड लागलं तर रॅकचा (स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारा) दांडा तपासा. रिमची आतली कड बघा. टायरच्या बाजूला फुगवटा असेल तर टायर बाद.

घाबरू नका, हळू आपटलेल्या गाडीत बऱ्याचदा टाय रॉड किंवा लोअर आर्मवरच भागतं. मात्र गरम करून, ठोकून टाय रॉड सरळ करणाऱ्या उस्तादाकडून बाकी सगळं शिका, हे सोडून. तिरकेपणा झाकायला स्टिअरिंग काढून त्याच्या दांड्यावर एक दात सरकवून बसवणं तर निव्वळ फसवणूक.

नवीन आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबरी नळीचे) बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळा. लटकत्या चाकावर आवळले तर बुश पीळ खाऊन लवकर फाटतो. मग अलाइनमेंट, आणि स्टिअरिंग अँगल सेन्सर (स्टिअरिंग किती वळलंय ते मोजणारा) असेल तर शेवटी स्कॅनरने तो शून्यावर.